नाक घेऊन ये

दाजींचा फोन आला तेव्हा शाळा सुरू व्हायला अजून अवकाश होता. बुलढाण्याच्या घरी गच्चीवर मी कावळ्यांपासून कुरडया राखत बसलो होतो. दाजी स्वतःहून कधी फोन करत नाहीत, त्यामुळे त्यांचं नाव दिसताच मी कुरडया सोडून उठलो.

"सुट्ट्या हायेत ना मास्तर तुह्या?"

"हो, दाजी."

"मंग ये. अन् येतानी नाक घेऊन ये."

मी हसलो. ते हसले नाहीत.

दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव. ताई आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात गेली. तेरावा झाला आणि मी निघालो, तो पुन्हा त्या घरी गेलोच नव्हतो. परीक्षा होत्या, निवडणुकीचं काम होतं, घरात आजारपण होतं. सगळी कारणं खरी होती. पण त्यांच्या आड मी लपलो होतो, हेही तेवढंच खरं आहे. ताई नसलेल्या घरात दाजींच्या समोर बसून काय बोलायचं, हे मला सुचत नव्हतं.

"तुह्या बहिणीच्या हातची एक बरणी राह्यली," दाजी फोनवर सांगत होते. "जांभयाच्या वाइनची. शेवटच्या वर्षी घातलेली. मी एकट्यानं घातलेली बिघडली वाटते, थे न्याले भंगारवाला चाचा येऊन राह्यला परवा. तिची बी त्याले देऊ का ठेवू, मले समजत नाही. तिच्यात जांभूय असंल तं ठेवतो, अन् याही वर्षी घालतो. नसंल तं झालं मंग. बंद. तू येऊन सांग फक्त."

दाजींना वास येत नाही. ते फळांची वाइन करतात आणि त्यांना वास येत नाही, हे ऐकून लोक हसतात. मीही पूर्वी हसलो आहे. पण ते कसं झालं, ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

कापसाचं नवं बीटी बियाणं आमच्या भागात आलं तेव्हा पहिली काही वर्षं सगळ्यांना वाटलं, आता फवारणीचा जाच संपला. दाजींनी सगळं रान कपाशीखाली आणलं. कापूस असा निघायचा की घरामागची टिनाची खोली आढ्यापर्यंत भरायची. दिवाळीला गेलो की माझं अंथरूण त्या ढिगावरच पडायचं. मग बोंडात अळी येऊ लागली. गुलाबी. बाहेरून बोंड धडधाकट दिसायचं, फोडलं की आत सगळं किडलेलं. फवारण्या पूर्वीपेक्षा वाढल्या. दुकानदार सांगेल ती औषधं एकत्र कालवून लोक पाठीवरच्या पंपात भरू लागले. एका वर्षी पोळ्यानंतर, कपाशी डोक्याच्या वर गेलेली असताना, दाजी फवारता फवारता ओळीतच खाली बसले. ताईनं त्यांना बैलगाडीत घालून सडकेपर्यंत आणलं. बरेच दिवस ते दवाखान्यात होते. जीव वाचला, डोळे वाचले. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी ताईनं वरणाला लसणाची फोडणी दिली आणि समोर बसलेले दाजी म्हणाले, "आज बिनफोडणीचंच वाढतं काय?" तेव्हा कळलं की नाक गेलं.

डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आलं नाही.

ताईनं निम्म्या रानातून कपाशी काढायला लावली. नाल्याच्या काठानं जांभळाची झाडं होती, कुणी लावली ते कुणालाच माहीत नव्हतं. दर उन्हाळ्याच्या शेवटी जांभळांचा खाली सडा पडायचा, आंबायचा, आणि त्या आंबूस-गोड वासानं नाल्याचा काठ भरून जायचा. ताईला तो वास फार आवडे. दाजी कुठल्याशा शिबिरात फळांवर प्रक्रिया करायचं शिकून आले आणि त्यांनी जाहीर केलं की आपण वाइन करायची. सगळ्यांनी समजावलं. नाक नसलेल्या माणसाचं हे काम नाही, असं मीही म्हणालो होतो. त्यावर ते म्हणाले, "नाक गेलं म्हणूनच करतो. नाक नाही लागत ते काम तं कोणीही करंल."

हा युक्तिवाद मला आजही कळलेला नाही. पण नाक ताईचं होतं, हात दाजींचे होते, आणि ते चाललं. परवाना मिळायला फार चपला झिजल्या, तोही मिळाला. गाव म्हणायचं, दारूचा कारखाना काढला. संध्याकाळी कुणी ना कुणी क्वार्टर मागायला यायचंच. त्यांच्यासाठी दाजींनी फाटकावर पाटी लावली होती: 'येथे दारू मिळत नाही. वाइन आहे. ती पण आज मिळणार नाही.'

मी पोचलो तेव्हा ती पाटी तशीच होती, फक्त रंग उडालेला. अंगणात कडुनिंबाखाली एक छोटा टेम्पो उभा होता आणि त्याच्या सावलीत खाटेवर चाचा बसले होते. चाचा म्हणजे जळगाव जामोदचे भंगारवाले, दाढी पांढरी, अंगावर पांढराच कुडता. दाजींना मोठ्या काचेच्या बरण्या त्यांनीच कुठून कुठून शोधून आणून दिल्या होत्या. वाइन बिघडून तिचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, झाला की चाचा तो घेऊन जात आणि शहरातल्या खानावळींना देत. शराब त्यांना चालत नव्हती, सिरका चालत होता.

"या मास्तर," चाचा म्हणाले. "तुमच्या दाजीचं बिघडलं की आमचं सुधरते. मी कधीचा बसून राह्यलो, पण हे म्हणतात, सायाचं, म्हंजे तुमचं, नाक आल्याबिगर माल हलत नाही."

"नाक आलं आता," दाजी आतून म्हणाले.

ते बाहेर आले. वाळले होते. मी पाया पडायला वाकलो, त्यांनी अर्ध्यातच धरलं. "राहू दे. पाय धू पह्यले."

त्या टिनाच्या खोलीचे नियम होते. पाय धुवायचे, केसांना तेल नको, कांदा खाऊन यायचं नाही, उदबत्ती तर दूरच. पूर्वी हे नियम ताईच्या नाकासाठी होते. आता आत कुणाचंच नाक नव्हतं, तरी दाजींनी मला हौदाजवळ नेलं, पाय धुवायला लावले, आणि विचारलं, "गाडीत काय खाल्लं?"

"नांदुऱ्याला कचोरी."

"कांदा होता?"

"नाही, दाजी."

"पाणी पी. चूळ भर."

आत अंधार होता आणि टिनावर टाकलेल्या कडब्यामुळं गारवा होता. जिथं कापसाचा ढीग असायचा तिथं भिंतीच्या कडेनं काचेच्या बरण्या ओळीनं उभ्या होत्या, बऱ्याच रिकाम्या. भरलेल्या बरण्यांना उजेड लागू नये म्हणून प्रत्येकीला गोधडीचा अंगरखा होता. त्या गोधड्या ताईनं तिच्या जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या. बरण्यांच्या तोंडाला कापसाचे बोळे होते, घरच्याच कापसाचे. टिनाच्या सांध्यांत जुना कापूस अजून अडकलेला दिसत होता.

ताई असताना सकाळी चहाआधी ती इथं यायची. एकेका बरणीचा बोळा काढायची, वास घ्यायची आणि एकच शब्द बोलायची. "निजली." "चिडली." "रुसली." मागे दाजी उभे असत. चिडली म्हटलं की ती बरणी गार कोपऱ्यात जायची, रुसली म्हटलं की तिला आतल्या गोधडीवर आणखी एक गोधडी. मी एकदा विचारलं होतं, हे शब्द पुस्तकात आहेत का? ताई म्हणाली होती, "पुस्तकवाल्याले इथं आणून उभा कर, तोही हेच म्हणंल."

दाजींनी दाराजवळच्या बरणीचा बोळा काढला, रबरी नळीनं थोडी वाइन काचेच्या पेल्यात घेतली आणि पेला माझ्या हातात दिला. काळसर जांभळा रंग. "ही माही. मागच्या वर्षीची, एकट्यानं घातलेली. घे वास. मंग घोट घे. अन् सांग."

पेला तोंडाजवळ नेण्याआधीच मला कळलं. नाकाच्या आत काहीतरी टोचल्यासारखं झालं. सिरका होता तो, निव्वळ सिरका. घोट घेतला तर घसा चरचरला. मी वर पाहिलं. दाजी माझ्या तोंडाकडे बघत होते, हात नळीवर तसाच. दाराशी चाचा येऊन उभे राहिले होते.

इथं मला आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. ही सबब म्हणून सांगत नाही. बहिणीच्या घरी भावानं ताटात आलेल्या कशालाही नावं ठेवायची नसतात. भाजी खारट असो, भाकर करपलेली असो, भाऊ म्हणतो, छान झालं. सासरच्या माणसांसमोर बहिणीची मान खाली जाऊ नये म्हणून. मी लहानपणापासून तेच करत आलो. ताई असताना दाजी त्यावरून माझी थट्टा करत. एकदा ताईनं खिरीत साखरेऐवजी मीठ टाकलं आणि मी दुसरी वाटी मागून घेतली, ही गोष्ट ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "याले इचारू नका काही, याले याची बहीण माती वाढंल तरी हा म्हणंल, छान."

तर मी पेला खाली ठेवला आणि म्हणालो, "छान झाली, दाजी."

"कशी छान?"

"चवीला... भरपूर. जांभळाचा वास येतो."

"आंबट नाही?"

"थोडी. पण ते चालतं."

चाचा मोठ्यानं हसले. "मास्तर, तुमाले सर्दी झाली काय? मले इथं फाटकापाशी समजलं, सिरका हाय म्हणून."

दाजी हसले नाहीत. रागावलेही नाहीत. त्यांनी पेल्यातलं उरलेलं स्वतः पिऊन टाकलं, पेला पाण्यात बुडवून ठेवला आणि बाजूच्या पाटावर बसले.

"आंबली ते मले बी माहीत हाय, मास्तर. नाक गेलं, जीभ थोडी गेली. दोन महिने झाले मले समजून."

"मग मला कशाला—"

"बाजारात कापूस मोजाच्या आधी मी नेहमी काट्यावर आपला दगड ठेवून पाह्यतो. वजन माहीत असलेला. काटा बराबर दाखवते का नाही, पाह्यले." ते जमिनीकडे बघत बोलत होते. "तसं ठेवलं मी. तुह्यावर भरोसा नव्हता असं नाही. सवय हाय."

मला काय वाटलं ते लिहिणं अवघड आहे. चोरी पकडली गेली की माणसाला लाज वाटते, पण मी तर चोरी केली असं मला वाटतही नव्हतं. मी त्यांचं मन राखलं होतं. मी म्हणालो, "दाजी, चुकलं माझं. तुम्ही एकट्यानं घातलेली, म्हणून वाईट बोलवलं नाही. आता ताईची दाखवा. आता खरं सांगतो."

"हाव," ते म्हणाले, आणि उठले.

ताईची बरणी अगदी मागच्या कोपऱ्यात होती, तिच्यावर दोन गोधड्या. वरची दाजींनी काढली, नीट घडी केली, बाजूला ठेवली. बोळा काढताना त्यांचा हात थबकला. "तिनं लावलेला हाय हा. मी नाही काढला अजून." मग काढला. कापूस तोंडाशी जांभळा झाला होता. नळी आत सोडली आणि दुसरा, स्वच्छ पेला भरून माझ्याकडे दिला.

मी डोळे मिटले. खोलीभर मघाच्या सिरक्याचा वास होता, तो वगळून काही ऐकू यावं तसा मी श्वास घेतला. आणि ते आलं. आधी अगदी थोडं, मग भरपूर. उन्हात पडलेल्या जांभळांचा तो तुरट-गोड वास, साल फुटून जीभ जांभळी होते तेव्हाचा. त्यामागे लवंगेसारखं काहीतरी. घोट घेतला तेव्हा तेच तोंडात भरून राहिलं. दोन वर्षं गोधडीखाली ते तसंच बसून होतं.

"आहे," मी म्हणालो. "दाजी, जांभूळ आहे. भरपूर आहे."

दाजी कापसाचा बोळा बोटांत फिरवत राहिले.

"खरंच आहे. निजलीय, ताई म्हणायची तशी. बिघडलेली नाही."

"मघाच्यात बी होतं जांभूय," दाजी म्हणाले.

"ते मी खोटं बोललो."

"हाव. आता?"

"आता खरं बोलतोय."

त्यांनी माझ्या हातातून पेला घेतला, एक घोट तोंडात घोळवला, बराच वेळ. "आंबट हाय," ते म्हणाले. "तुरट हाय. चांगली असली तरी जांभयाची वाइन आंबट-तुरटच लागते, अन् सिरक्याकडं चालली तरी पह्यले तशीच लागते. याच्यापुढचं जिभेले नाही समजत. याच्यापुढचं समजून घ्यासाठी तुले बोलावलं."

मी काकुळतीला आलो. आवाज चढला. "ताईची शपथ, दाजी."

ते मी बोलायला नको होतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, आता ते मला बाहेर काढतील. पण ते एवढंच म्हणाले, "तिले नको आणू याच्यात. ती कधी एक बरणी छान म्हणाली नाही. निजली म्हणे, नाहीतं चिडली म्हणे. छान शब्द तिनं या खोलीत काढला नाही."

मग ते दाराकडे वळले. "चाचा, तू पाह्य. तुले सिरका ओयखू येते."

चाचांनी चपला काढल्या, पाय धुवायला गेले, परत आले आणि उंबऱ्यातच उभे राहिले. "भाऊ, मी तोंड नाही लावणार, शराब असंल तं."

"तोंड नको लावू. वास घे. वासाचा गुन्हा नाही लागत."

दाजींनी पेला त्यांच्या नाकासमोर धरला. चाचांनी हुंगलं, पुन्हा हुंगलं, मग कपाळाला आठ्या घालून खोलीभर पाहिलं. "मघाच्या बरणीनं सगळी खोलीच सिरका करून टाकली, भाऊ. मले तं येते सिरक्याचाच. कमी येते. पण येते." माझ्याकडे बघून ते ओशाळले. "आता याच्यातून येते का हवेतून, मी कसं सांगू बाप्पा. मास्तर म्हणतात हाय, तं असंल बी."

मी म्हणालो, पेला बाहेर नेऊ, अंगणात, मोकळ्या हवेत पुन्हा बघू. चाचाही हो म्हणाले. दाजी नको म्हणाले. मला वाटतं, त्यांना आता भीती वाटत होती. बाहेर चाचांनीही हो म्हटलं असतं, तरी ते त्यांनी माझ्यासाठी म्हटलं, ताईसाठी म्हटलं, असं वाटत राहिलं असतं. मी त्यांच्याभोवतीच्या सगळ्यांचं बोलणं एका शब्दानं निकामी करून टाकलं होतं.

"नाही," दाजी म्हणाले. "रोज सकायी येऊन हे असंच. हाय का नाही, हाय का नाही. दीड वर्ष झालं. नेऊन टाक, चाचा. दोन्ही ने."

"दाजी, थांबा. आणखी कुणाला तरी बोलावू. बुलढाण्याहून मी—"

"कोणाले? तुह्यापेक्षा जवयचा कोण हाय मले?"

मी बाजूला झालो.

चाचांनी टेम्पोतून प्लास्टिकचे मोठे डबे आणले. आधी दाजींची बरणी रिकामी झाली. मग ताईची. दाजींनी नळी बरणीत सोडली, तोंडानं ओढून धार सुरू केली आणि खालचं टोक माझ्या हातात दिलं. "धरून ठेव. सांडू नको." ते मला शिक्षा करत नव्हते. खाली वाकायला त्यांची कंबर दुखते आणि कुणीतरी धरायला हवं होतं, एवढंच. ताईची वाइन अर्ध्या भरलेल्या डब्यात पडत होती, सिरक्यावर. माझ्या बोटांवरून थोडी वाहिली. डब्याच्या तोंडाशी दोन्ही वास एकमेकांत मिसळत होते. काही वेळ मला जांभूळ वेगळं कळत होतं, मग ते कळेनासं झालं. मी वर पाहिलं नाही. दाजी गोधडीची घडी मांडीवर घेऊन पाटावर बसले होते.

मला खात्री आहे, त्या बरणीत जांभूळ होतं. एवढं लिहून मी थांबलो होतो. कारण मनात असंही येतं, की ते असावं असं मला फार वाटत होतं, आणि सरावलेलं नाक नाही माझं. पण नाही. पहिल्या पेल्यात मला काय आलं ते मी ओळखलं होतं आणि दाबलं होतं. दुसऱ्यातही मी तसंच ओळखलं. माझं नाक खोटं नव्हतं. पहिल्या वेळी जीभ खोटी होती, आणि दुसऱ्या वेळी तीच जीभ घेऊन मी खरं बोलायला गेलो.

चाचा निघाले तेव्हा त्यांनी दाजींचा हात बराच वेळ धरून ठेवला. "मालाच्या पैशाचं पुढच्या हप्त्यात पाहू," म्हणाले. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "तुम्ही पह्यलेच सिरका म्हटलं असतं ना, मास्तर, तं बरं झालं असतं." त्यात टोमणा नव्हता. मी मान हलवली.

टेम्पो गेल्यावर दाजींनी चहा केला. एकटं राहून त्यांना चहा फार चांगला जमू लागला होता. आम्ही ओट्यावर बसून प्यायलो. त्यांनी माझ्या मुलांची चौकशी केली, बुलढाण्यात पाण्याचं काय आहे ते विचारलं. नाल्याकाठची जांभळं यंदा बाजारातल्या व्यापाऱ्याला तोडायला देऊन टाकतो म्हणाले. मागची निम्मी जमीन पुन्हा कपाशीला द्यायची, पण स्वतः करायची नाही, बटईनं, निम्म्या वाट्यावर द्यायची, असं त्यांचं चाललं होतं. फवारणारा बटईदार, म्हणजे आता औषधं अंगावर घेणारा दुसरा कुणीतरी. त्या दिवशी मला काही बोलण्याचा हक्क आहे असं वाटत नव्हतं.

चहा झाल्यावर ते उठले आणि ताईची बरणी बाहेर घेऊन आले. हौदावर तिला पाण्यानं खळबळून धुतलं, पाणी अंगणात ओतलं. फिकट जांभळं पाणी मातीत मुरलं. मग बरणी दोन्ही हातांनी उचलून त्यांनी माझ्यासमोर ओट्यावर ठेवली.

"पाह्य," ते म्हणाले.

"काय दाजी?"

"आता खोलीत नाही आपण. हवा मोकळी हाय. आत वास राह्यला का तिचा?"

ते माझ्याकडे बघत नव्हते. फाटकाकडे बघत होते. मी बरणीच्या तोंडात चेहरा घातला. पाण्याची ओल होती, काचेची गार हवा होती आणि तळातून, धुऊनही, जांभळाचा वास वर येत होता. तोच. सिरक्याचा लवलेश नव्हता. आता काही शंकाच उरली नव्हती, त्यांनी नुकतंच काय ओतून दिलं याची.

मी चेहरा बाहेर काढला. ते वाट बघत होते. या वेळी त्यांचा माझ्यावर विश्वास बसला असता, हे मला त्यांच्या पाठीवरून कळत होतं. त्यांना तो बसवायचाच होता, कुठल्याही बाजूनं.

"नाही, दाजी," मी म्हणालो. "काहीच नाही."

"सिरका?"

"सिरकाच. थोडासा."

त्यांनी मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. "हाव ना," ते म्हणाले. "मंग बराबर झालं. गेलीच होती ती. आपण उगाच ठेवली असती." आणि इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू वेळेवर आला, बरं झालं."

ते बरणी घेऊन आत गेले. मी ओट्यावरच बसून राहिलो. शेवटच्या गाडीला अजून वेळ होता.